सिवनीचे अरण्य (मोगलीचा मुलूख)

सिवनीचे अरण्य : इंग्रज लेखक रड्यार्ड किपलिंग (१८६५–१९३६) यांच्या मोगली-कथा, म्हणजे लांडग्यांत वाढलेल्या मोगली या मुलाच्या कथा, जिथे घडतात, तो सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचा वनप्रदेश. ‘द जंगल बुक’ (१८९४) आणि ‘द सेकंड जंगल बुक’ (१८९५) या दोन पुस्तकांमुळे तो जगभरच्या मुलांना ठाऊक झाला. पुढे १९०७ साली किपलिंग यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखकाला मिळालेले ते पहिले नोबेल. आज हे रान मध्य प्रदेशातील सिवनी व छिंदवाडा आणि महाराष्ट्रातील नागपूर या जिल्ह्यांत विभागलेले असून त्याचा मोठा भाग पेंच याच नावाच्या दोन लगतच्या व्याघ्र प्रकल्पांत येतो. नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने निघाले की कामठी, कन्हान, मनसर मागे पडतात आणि देवलापारच्या आसपास दोन्ही अंगांना साग दाटू लागतो. खवासा ओलांडले की आपण मोगलीच्या मुलखात असतो. सिवनी गाव नागपूरपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे. या भागात भरपूर असलेल्या शिवण झाडावरून गावाला हे नाव पडले असे म्हणतात.

या अरण्याबद्दलची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्या लेखकाने ते अजरामर केले त्याने ते कधी पाहिले नव्हते.

किपलिंग यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला. वडील जॉन लॉकवुड किपलिंग जे. जे. कलाशाळेत शिल्पकलेचे अध्यापक होते. लहानग्या रड्यार्डचा दिवस गोव्याकडची आया आणि मीता नावाचा गडी यांच्या सहवासात जाई. त्यांच्याकडून गोष्टी ऐकायच्या त्या देशी भाषेत. आईवडिलांसमोर जाताना ‘आता इंग्रजी बोला’ अशी आठवण मुलांना करून द्यावी लागे, आणि मग विचार व स्वप्ने ज्या भाषेत चालत तिच्यातून अडखळत उलथा करून ती इंग्रजी बोलत, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. १८७१ मध्ये, सहावे वर्षही पुरे झाले नव्हते तेव्हा, त्यांना धाकट्या बहिणीसह इंग्लंडमधील साउथसी येथे एका अनोळखी कुटुंबात ठेवले गेले. आईवडील हिंदुस्थानात परतले. त्या घरातली वर्षे छळाची होती आणि तो सल त्यांना जन्मभर राहिला. मोगली-कथा वाचताना हे लक्षात ठेवावे. आईवडिलांपासून तुटलेले मूल परक्यांच्या गुहेत येते आणि रक्षा नावाची लांडगीण त्याला आपल्या पिलांबरोबर अंगाशी घेते. साउथसीच्या घरात जे मिळाले नाही, ते त्या गुहेत मिळते.

१८८२ मध्ये ते लाहोरला आले आणि ‘सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट’ या वृत्तपत्रात रुजू झाले. नंतर अलाहाबादच्या ‘पायोनियर’मध्ये काम करून १८८९ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातली नोकरी सोडली. मोगलीचा जन्म झाला तो त्यानंतर, अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात. १८९२ च्या हिवाळ्यात ते तिथे एका छोट्या भाड्याच्या घरात राहत होते. लिहिण्याची खोली सात फूट बाय आठ फुटांची, आणि डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत बाहेरचा बर्फ खिडकीच्या चौकटीपर्यंत चढलेला. त्या खोलीत बसून त्यांनी वैनगंगेचा उन्हाळा लिहिला. कल्पना मनात ठरली आणि पुढे लेखणीनेच ताबा घेतला, असे ते या कथांबद्दल सांगत. पहिली कथा ‘सेंट निकोलस’ या अमेरिकेतील मुलांच्या मासिकात जानेवारी १८९४ मध्ये छापून आली. हे लेखन चालू होते त्याच हिवाळ्यात, डिसेंबर १८९२ मध्ये, त्यांना पहिली मुलगी झाली होती, जोसेफीन. पुस्तकाची जी प्रत त्यांनी तिला दिली, तिच्यावर ‘हे पुस्तक जोसेफीनचे, तिच्या वडिलांनी ते तिच्यासाठी लिहिले, मे १८९४’ अशा अर्थाचा मजकूर त्यांच्या हातचा आहे. ती प्रत २०१० मध्ये इंग्लंडमधील विंपल हॉल या वाड्यात सापडली. जोसेफीन मात्र १८९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये न्यूमोनियाने गेली, सहा वर्षांची.

न पाहिलेल्या रानाची माहिती मग आली कुठून? सर्वांत मोठा आधार रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल यांचा. या ब्रिटिश अधिकाऱ्याने सिवनीच्या मुक्कामांवर, शिकारीवर आणि तिथल्या माणसांवर १८७७ मध्ये एक पुस्तक लिहिले. हिंदुस्थान व सिलोनमधील सस्तन प्राण्यांवरचा त्यांचा ग्रंथ १८८४ चा. डोंगर, नद्या, गावांची नावे किपलिंग यांनी तिथून उचलली. कथेतले ‘खानहिवारा’ म्हणजे सिवनी जिल्ह्यातले खरेखुरे कान्हीवाडा, आणि ‘वैनगंगा’ म्हणजे सिवनी जिल्ह्यातच मुंडारा गावाजवळ उगम पावून पुढे भंडारा, गडचिरोलीकडे उतरणारी आपली वैनगंगा. लांडग्यांनी वाढवलेल्या मुलांच्या हकिकती कर्नल स्लीमन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८५२ मध्ये प्रसिद्ध केल्या होत्या. मोगली हा याच भागात सापडलेल्या खऱ्या मुलावरून घेतला, असे पेंचच्या पर्यटनात नेहमी सांगितले जाते. स्लीमन यांच्या हकिकती मात्र अवधातल्या, सुलतानपुराकडच्या आहेत. त्यांचा सिवनीशी सांधा किपलिंग यांच्या कल्पनेनेच जुळवला, असे मानणे योग्य. दोन्ही पुस्तकांतील सगळ्या १५ कथा इथल्या नाहीत, हेही सांगायला हवे. मोगलीच्या फक्त ८. मुंगूस आणि नागाची गाजलेली कथा बिहारमधल्या छावणीत घडते, आणि एक कथा तर थेट उत्तरेच्या गोठलेल्या समुद्रातली आहे.

कथांतील नावे हा मराठी वाचकासाठी वेगळाच आनंद आहे. इंग्रजी मुलाला ‘हाथी’, ‘मोर’, ‘बंदरलोग’ हे जादूचे शब्द वाटतात; नागपूरच्या मुलाला त्यांतले निम्मे आधीच येत असतात. बल्लू म्हणजे भालू, आपले अस्वल. बघीरा हा ‘बघेरा’वरून आलेला, काळा बिबट. ‘चील’ म्हणजे घार. ‘लंगडी’ हे शेरखान या वाघाला त्याच्या आईनेच दिलेले टोपणनाव, कारण तो जन्मापासून एका पायाने अधू आणि म्हणून गुरांवर पडणारा. ‘का’ हे अजगराचे नाव तेवढे किपलिंग यांनी फुत्काराच्या आवाजावरून घडवले. मोगली या नावाचा ‘बेडूक’ हा अर्थही त्यांच्याच मनचा. आपल्याला ठाऊक असलेल्या कोणत्याही भाषेत तो नाही, हे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. त्यांचा उच्चार ‘माउग्ली’ असा होता. १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी जपानी चित्रमालिका हिंदीत आली आणि ‘मोगली’ हा उच्चार आपल्याकडे कायमचा बसला. १९६७ च्या डिस्ने चित्रपटातला वानरांचा राजा पुस्तकात कुठेच नाही. तो ओरांगउटान आहे आणि ओरांगउटान भारतात आढळत नाहीत. त्या चित्रपटाने अजगराला खलनायक केले, मूळ कथेत तो मोगलीचा विश्वासू मित्र आहे. लहान मुलाला हे पुस्तक वाचून दाखवायचे असेल, तर चित्रपटाआधी दाखवावे.

रानाच्या खरेपणाच्या दृष्टीने पाहिले तर किपलिंग काही ठिकाणी चुकले आहेत आणि काही ठिकाणी त्यांचा नेम आश्चर्य वाटावे इतका अचूक आहे. लांडगा हा माळाचा, विदर्भात ज्याला झुडपी जंगल म्हणतात अशा विरळ रानाचा प्राणी. दाट सागवनात त्याची गाठ क्वचित पडते. रानहत्तींचे कळप पेंचमध्ये नाहीत. रानकुत्र्यांवर तर लेखकाने अन्यायच केला आहे. ती दख्खनकडून, म्हणजे आपल्याच बाजूने, सिवनीवर चालून येतात आणि वाटेत येईल ते फाडत जातात, असे त्यांचे चित्र आहे. प्रत्यक्षात रानकुत्री पोटापुरतीच शिकार करतात, आणि शिकार झाल्यावर टोळी आधी पिलांना खाऊ देते. त्याउलट ‘भीती कशी आली’ या कथेतला दुष्काळ पाहावा. हिवाळी पाऊस चुकतो, साळिंदर सांगते की रानातले कंद वाळले, आणि मोहाला फूलच धरत नाही. मोह फुलला नाही म्हणजे वर्ष गेले, हे ज्याला कळते त्याने हा मुलूख न पाहताही ओळखला आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टोपल्या घेऊन मोहफुले वेचणारी माणसे रामटेक, पारशिवनीकडे आजही दिसतात, आणि त्याच फुलांवर चितळ व अस्वल दोघेही टपलेले असतात.

त्या माणसांबद्दल मात्र ही पुस्तके फार कमी बोलतात. हा मुलूख गोंडांचा. नागपूर शहर वसवले तेही देवगडच्या बख्त बुलंद शहा या गोंड राजाने, १७०२ मध्ये. कथेत गोंड येतात ते एकदाच ठळकपणे, गावकऱ्यांना देवांचा कौल सांगायला. किपलिंग त्यांना या भूमीचे मूळ मालक म्हणतात, आणि तिथेच त्यांना सोडून देतात. जंगलाचा कायदा लांडगे शिकवतात, अस्वल शिकवते; ज्या माणसांच्या गाण्यांत, देवराईत आणि वेचणीच्या नियमांत तो खरोखर होता, त्यांना कोणी विचारत नाही. या अरण्याचा वाचक विदर्भातला असेल तर ही उणीव त्याने ध्यानात घेतलीच पाहिजे.

लेखकाच्या राजकारणाकडेही डोळेझाक करता येत नाही. किपलिंग साम्राज्याचे कट्टर समर्थक होते. जालियनवाला बागेनंतर जनरल डायर यांच्यासाठी इंग्लंडमध्ये निधी जमवला गेला तेव्हा, १९२० मध्ये, त्यांनीही त्यात पैसे दिले. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने असहकाराचा ठराव पक्का केला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि मोगलीवर जीव लावणाऱ्या मोठ्या वाचकाला त्या एकत्र बाळगाव्या लागतात.

मोगलीचे रान शाळेच्या मैदानावरही उतरले. बालवीर चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९१६ मध्ये लहान मुलांची ‘कब’ शाखा काढली, ती किपलिंग यांच्या संमतीने जंगल बुकवरच बेतली. कब पथकाच्या नेत्याला आजही अकेला म्हणतात. कथेत ते लांडग्यांच्या टोळीच्या म्हाताऱ्या नायकाचे नाव आहे.

किपलिंग लिहीत होते तेव्हा सिवनी मध्य प्रांतात होती आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, सिवनी मध्य प्रदेशात राहिली, आणि एकाच रानातून राज्याची सीमा गेली. मध्य प्रदेशाकडील पेंचला १९९२ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, महाराष्ट्राकडील पेंचला १९९९ मध्ये. सीमा वाघांना ठाऊक नाही. मोठी अडचण झाली ती नागपूर–जबलपूर महामार्गाची, तो रुंद करताना प्राण्यांच्या वाटाच तुटणार होत्या. वन्यजीवप्रेमींच्या लढ्यानंतर महाराष्ट्राच्या हद्दीत रस्ता उचलून खालून प्राण्यांना जाण्यासाठी लहान पूल व भुयारी मार्ग मिळून नऊ बांधकामे झाली. त्यांतले सर्वांत लांब ७५० मीटरचे आहे. वाघ, बिबटे, रानकुत्री, चितळ त्यांखालून ये-जा करतात, हे कॅमेऱ्यांनी टिपले आहे. या रानातली अलीकडची सर्वांत प्रसिद्ध व्यक्ती शेरखानसारखी एकांडी आणि वाईट मुळीच नव्हती. ‘कॉलरवाली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मध्य प्रदेशाकडील पेंचच्या वाघिणीने आठ विणींत २९ बछडे दिले. जानेवारी २०२२ मध्ये ती वार्धक्याने गेली तेव्हा गावकऱ्यांनी तिला फुले वाहून निरोप दिला. महाराष्ट्राच्या बाजूला जानेवारी २०२४ मध्ये पेंचला ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेले उद्यान, म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, भारतात पहिली. शहराच्या दिव्यांत वाढलेले नागपूरचे मूल दोन तासांच्या अंतरावर आकाशगंगा पाहू शकते.

या सगळ्या रानाला धरून ठेवते ती पेंच नदी. ती कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला. तिच्यावर तोतलाडोहचे धरण आहे, खाली नवेगाव खैरीचा जलाशय, आणि नागपूरच्या नळांना येणारे बरेचसे पाणी तिथले. दुष्काळाच्या कथेत वैनगंगा आटून एक खडक उघडा पडतो, आणि तो दिसताच हाथी सोंड उंचावून पाण्याचा तह पुकारतो: पाण्यावर कोणी कोणाची शिकार करायची नाही. उन्हाळ्यात पेंच नदी तशीच आटते. एप्रिलच्या अखेरीस धरणाच्या पाण्यापलीकडे ती वाहायची थांबते आणि तिच्या पात्रात ठिकठिकाणी खोल पाणी उरते, त्याला इथे डोह म्हणतात. तोतलाडोह या नावातला डोह तोच. मे महिन्याच्या दुपारी चितळ, सांबर, रोही, रानगवे त्या डोहांवर येतात. काठाच्या गवतात वाघही आलेला असतो. तह तिथे नसतो. चितळ पाण्याला तोंड लावण्याआधी बराच वेळ नुसते उभे राहते, कान टवकारून, एक पाय उचललेला.