हाताने फोकस करायची अल्ट्रा-वाइड लेन्स : नागपूर परिसरातील वापर

फुल-फ्रेम (३६ × २४ मिमी) कॅमेऱ्यावर २४ मिमीपेक्षा कमी नाभीय अंतर (फोकल लेंथ) असलेल्या लेन्सला सर्वसाधारणपणे अल्ट्रा-वाइड म्हणतात. २० मिमीची लेन्स चौकटीच्या कर्णावर सुमारे ९४ अंशांचे, तर १४ मिमीची सुमारे ११४ अंशांचे दृश्य सामावून घेते. एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर मात्र तीच १४ मिमीची लेन्स जेमतेम २१ मिमीएवढे दाखवते. या गटातल्या बऱ्याच लेन्समध्ये ऑटोफोकसची मोटर नसते. रिंग हाताने फिरवून अंतर ठरवावे लागते. नवख्याला ती उणीव वाटते. प्रत्यक्षात एवढ्या रुंद कोनाला हाताचा फोकसच सर्वांत जास्त मानवतो, आणि गर्दीच्या, सणवारांच्या नागपुरात त्याचा प्रत्यय पदोपदी येतो.

रुंद कोनाचा ध्यास जुना आहे. १९०० साली जर्मनीतील गोर्ट्झ कंपनीसाठी एमिल फॉन ह्योग यांनी हायपरगॉन ही लेन्स घडवली. तिचा कोन १३० अंशांहून मोठा होता, पण कडांना उजेड फारच कमी पोहोचे. म्हणून एक्स्पोजर चालू असताना मध्यभागाचा प्रकाश अडवायला लेन्ससमोर हवेच्या झोताने ताऱ्याच्या आकाराची चकती फिरवावी लागे. १९५०च्या दशकात लुडविग बेर्टेले यांच्या २१ मिमी झाइस बायोगॉनने रुंद कोनातही रेषा सरळ ठेवून दाखवल्या. परंतु तिचे मागचे भिंग फिल्मच्या अगदी जवळ येई, आणि एसएलआर कॅमेऱ्यात तिथे आरसा असतो. ही अडचण रेट्रोफोकस रचनेने सोडवली. फ्रान्समध्ये आंजेन्यू कंपनीने १९५० साली ती स्थिरचित्रणाच्या लेन्समध्ये आणली. पुढचे भिंग मोठे आणि फुगीर ठेवून मागे आरशासाठी जागा मोकळी करायची, अशी ही युक्ती आहे. दक्षिण कोरियाच्या सॅमयांगची १४ मिमी एफ/२.८ ही हाताने फोकस करायची लोकप्रिय लेन्स याच घराण्यातली. चीनची लाओवा आणि जपानच्या कोसिनाकडून येणारी फोक्टलेंडर हीसुद्धा या क्षेत्रातली परिचित नावे.

हाताचा फोकस इथे सोपा का पडतो, याचे उत्तर हायपरफोकल अंतरात आहे. त्या अंतरावर फोकस लावला की त्याच्या निम्म्यापासून अनंतापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. नाभीय अंतराचा वर्ग करून त्याला अ‍ॅपर्चरचा आकडा (प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचे माप, एफ/८ मधला ८) आणि मान्य धूसरतेचे माप (फुल-फ्रेमसाठी साधारण ०.०३ मिमी) यांच्या गुणाकाराने भागले की हे अंतर जवळपास मिळते. ५० मिमीच्या लेन्सला एफ/८ वर ते दहा मीटरच्या पुढे जाते. १४ मिमीला त्याच अ‍ॅपर्चरवर ते फक्त ०.८३ मीटर येते. म्हणजे रिंग तेवढ्यावर ठेवली की सुमारे ४२ सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. मग प्रत्येक फोटोला फोकस शोधायचे कारणच उरत नाही. अंतर एकदा ठरवून रिंगला हात न लावणे हेच कौशल्य. मात्र लेन्सवर छापलेल्या आकड्यांवर डोळे झाकून विसंबू नये. काही लेन्सची खूण जागेवर नसते, अनंताची खूणही नेमकी अनंतावर असेलच असे नाही. घरीच टेप घेऊन एक मीटर मोजावा, लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावर) चित्र मोठे करून फोकस लावावा आणि रिंगवर आपली खूण करून ठेवावी. मोठी प्रिंट काढायची असेल तर ०.०३ मिमीचे माप ढिले पडते. अशा वेळी अ‍ॅपर्चर एक स्टॉप आणखी लहान (एफ/८ ऐवजी एफ/११) करणे बरे.

या पद्धतीची खरी परीक्षा मारबतीच्या मिरवणुकीत होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या स्त्रीरूपी पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे म्हणजे पुरुषरूपी पुतळे असतात, आणि महाल-इतवारीच्या रस्त्यांवर ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’चा गजर चालतो. पाऊलभर मागे सरकायला जागा नसते. अशा ठिकाणी लांब लेन्सला समोरच्याच्या खांद्यापलीकडे काही दिसत नाही, आणि हलत्या डोक्यांच्या गर्दीत ऑटोफोकसही भलत्याच चेहऱ्यावर जाऊन बसू शकतो. २० मिमीची लेन्स एफ/८ वर १.७ मीटरला लावून ठेवली, तर साधारण ८५ सेंटिमीटरच्या पुढचे सगळे स्पष्ट मिळते. श्रावण नुकताच सरलेला असल्याने आभाळ बहुधा झाकोळलेले असते. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० किंवा त्याहून जास्त ठेवून शटर वेगवान राखावा लागतो. गल्लीसाठी १४ मिमीपेक्षा २० किंवा २१ मिमी अधिक चांगली, असे ठामपणे सांगता येते. १४ मिमीमध्ये कडेला आलेले चेहरे इतके ताणले जातात की माणसांवर अन्याय होतो.

हा ताण लेन्सचा दोष नसतो. सरळ रेषा सरळच ठेवणारी कोणतीही लेन्स कडेचा भाग बाहेरच्या दिशेला पसरवते. फिशआय लेन्स तो ताण टाळते, पण रेषा वाकवते. गोलाकार वस्तूंवर हा परिणाम चटकन लक्षात येतो. दीक्षाभूमीच्या स्तूपाचा घुमट चौकटीच्या मधोमध असेल तर गोल राहतो, कोपऱ्याकडे गेला की अंड्यासारखा लांबतो. कॅमेरा वर उचलला तर इमारत मागे कलल्यासारखी दिसते. म्हणून कॅमेरा लेव्हलमध्ये धरावा, घुमट मध्यभागी राखावा. मग चौकटीचा खालचा अर्धा भाग जमिनीने भरतो, आणि तिथे काय ठेवायचे हा छायाचित्रकाराचा खरा प्रश्न होतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथे धम्मदीक्षा घेतली, तिथे दसऱ्याला लाखोंचा समुदाय लोटतो. नुकतीच घेतलेली पुस्तके छातीशी धरून उभी असलेली माणसे त्या अर्ध्या भागात आली, तर स्तूपाला त्याचा अर्थ मिळतो. त्यासाठी माणसांच्या जवळ जावे लागते, दोन-तीन हातांवर. मीटरभरावरची वस्तू अर्ध्या मीटरवर आली की चित्रात दुप्पट मोठी होते, मागचा घुमट मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. या लेन्सची सगळी किमया पायांनी पुढे जाण्यात आहे. आणि ज्याचा फोटो काढायचा त्याच्या इतके जवळ जायचे, तर आधी नजरेने का होईना, परवानगी घ्यायलाच हवी.

वर्धा रोडवरचा मेट्रो आणि उड्डाणपुलाचा ३.१४ किलोमीटरचा डबल-डेकर मार्गही या लेन्सला शोभतो. खांबाजवळून घेतले की दोन्ही मजल्यांच्या रेषा एका बिंदूकडे धावतात. रात्री एफ/११ वर दिव्यांना किरणे फुटतात. अ‍ॅपर्चरची पाती सम असतील तर तेवढीच, विषम असतील तर दुप्पट.

नागपूरहून पेंच जवळ आहे. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले डार्क स्काय पार्क (कृत्रिम उजेडापासून राखलेल्या काळोख्या आकाशाचे क्षेत्र) म्हणून मान्यता मिळाली. आकाशगंगेसाठी मार्च ते मे अखेरच्या निरभ्र रात्री उत्तम. इथे हायपरफोकलचा हिशेब बाजूला ठेवावा, कारण ताऱ्याचा ठिपका ०.०३ मिमीची सवलत मानत नाही. तेजस्वी तारा किंवा गुरू स्क्रीनवर मोठा करून तो सर्वांत लहान दिसेपर्यंत रिंग हलवावी आणि चिकटपट्टीने जागीच बसवावी. उन्हात तापलेली लेन्स रात्री निवत जाते तसा फोकस किंचित सरकू शकतो, म्हणून मधूनमधून पुन्हा तपासावे. तारे ठिपकेच राहावेत म्हणून शटर किती वेळ उघडा ठेवायचा, त्याचे ५०० भागिले १४ या ढोबळ नियमाने ३५ सेकंद मिळतात. आजच्या सेन्सरवर तेवढ्यात तारे रेघ ओढतात, २० सेकंदच ठेवावेत. रात्री जंगल हद्दीत जिथे परवानगी आहे तिथूनच चित्रण करावे.

इलेक्ट्रॉनिक जोडणी नसलेली लेन्स लावल्यावर अनेक बॉडींमध्ये ‘लेन्सशिवाय शटर’ हा पर्याय चालू करावा लागतो, आणि बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) असेल तर नाभीय अंतराचा आकडा हाताने भरावा लागतो. फुगीर काचेवर साधा स्क्रू फिल्टर बसत नाही. बसत असला तरी पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) टाळावा, एवढ्या रुंद आकाशात तो एका बाजूला गडद पट्टा उमटवतो. नागपूरचा कोरडा उन्हाळा काचेला मानवतो. बुरशी धरते ती पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर लेन्स चामड्याच्या पिशवीत न ठेवता सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावी, आणि जुनी विकत घेताना आतून टॉर्च मारून काचेवर जाळे दिसते का ते पाहावे.