भिडूचे चाक कुठून आले

बोर्डावर फासे (ते पैशांनी विकतही मिळतात) टाकून टोकन जमवायचे, त्यावर चाक फिरवायचे आणि पडलेले गुण आपल्या व भिडूच्या सामाईक बांधकामात धरायचे. स्कोपली कंपनीच्या 'मोनोपॉली गो' (२०२३) या मोबाइल गेममधली ही स्पर्धा लोकलच्या डब्यातही खेळली जाते. भिडू चार, प्रत्येकासोबत एक अशी बांधकामे चार, प्रत्येक बांधकामाला ८०,००० गुण. टप्पा गाठला की बक्षीस दोघांना सारखेच. गुण कोणी किती आणले याचा हिशेब लागत नाही.

यातला नशिबाचा भाग जपानचा. नाणे टाकून बंद कॅप्सूलमधले खेळणे देणारी यंत्रे तिथे १९६०च्या दशकात आली, १९७७मध्ये बंदाई ही खेळण्यांची कंपनी त्यात उतरली. मोबाइल गेमनी तेच 'गाचा' म्हणून घेतले. त्याचा सर्वांत घातक प्रकार 'कॉम्प्लीट गाचा', म्हणजे संच पुरा झाला तरच मोठे बक्षीस. दहा कार्डे सारख्याच शक्यतेने निघत असतील, तर संच पुरा व्हायला सरासरी २९ सोडती लागतात आणि त्यांतल्या १० एकट्या शेवटच्या कार्डापायी जातात. नऊ कार्डे हातात असलेला माणूस थांबत नाही, पैसा तिथेच जातो. मे २०१२मध्ये जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने हा प्रकार बेकायदा ठरवला. साधा गाचा मात्र चालू राहिला.

त्यात सोबती आणला तो मिक्सी कंपनीच्या 'मॉन्स्टर स्ट्राइक' या मोबाइल गेमने, २०१३मध्ये. शेजारी बसून चौघांनी एकत्र लढायचे. प्रत्येक पात्राला 'लक'चा आकडा. तेच पात्र पुन्हा मिळवून जोडत गेले की तो ९९पर्यंत चढतो आणि बक्षिसाच्या जादा पेटीची शक्यता वाढते.

नियम पुढे आले ते शक्यता जाहीर करण्याचे: चीनमध्ये मे २०१७पासून, अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरवर डिसेंबर २०१७पासून. त्यांचा उपयोग आहे. एक टक्का शक्यतेच्या शंभर सोडती घेतल्या तरी शंभरातले साधारण ३७ जण रिकाम्या हाताने परततात, हे आकडा समोर असेल तरच कळते. पण भिडू मध्येच थांबला तर काय, हे कुठलाच तक्ता सांगत नाही.

मुंबईला सोडत नवी नाही. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर लागणारे आकडे १९६०च्या दशकात मटक्यातल्या चिठ्ठ्यांवर आले, आणि जुगाराविरुद्धचा इथला कायदा १८८७चा आहे. २०२५च्या केंद्रीय कायद्याच्या बंदीचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. विकत घेतलेले पण गेमबाहेर न वटणारे फासे हा वेगळाच प्रश्न. भिशीत चिठ्ठी उशिरा निघाली तरी नंबर लागतोच. इथे तशी हमी नाही.

बिघडते ते बहुधा एकाच ठिकाणी. पहिला टप्पा मिळाला की भिडू गप्प बसतो, निमंत्रण एकदा स्वीकारले की तो बदलता येत नाही, आणि त्याच्या वाट्याचे ४०,००० आपल्या अंगावर येतात. फासे विकत घेण्याची पाळी तेव्हा येते. म्हणून ओळखीच्याच माणसाला घ्यावे, अर्धा-अर्धा वाटा आधी बोलून घ्यावा, आणि अनोळखी निमंत्रणे पहिल्या दिवशी स्वीकारू नयेत. चाकाचा गुणक (एका फेरीत किती पट टोकन लावून तितके पट गुण घ्यायचे तो आकडा) वाढवल्याने टोकनमागची सरासरी सुधारत नाही, चढउतार तेवढे मोठे होतात. थोडी टोकन उरली असताना मोठा गुणक लावला तर दोन-तीन वाईट फेऱ्यांत सगळी संपतात.