कोड, वांग आणि जांघ: बडोद्यातल्या कातडीच्या शब्दांची पार्श्वभूमी

बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा भागांतली मराठी घरे तीन भाषांत वावरतात, आणि कातडीच्या रोगांची नावे तिन्ही भाषांत एकमेकांवर आपटतात. मराठीत कोड म्हणजे अंगावरचे पांढरे डाग. गुजरातीतला कोढही बहुधा तोच, कारण महारोगाला तिथे रक्तपित्त म्हणतात. हिंदीत मात्र कोढ म्हणजे महारोगच. आणि आपल्या वैद्यांच्या लेखी रक्तपित्त म्हणजे नाकातोंडातून रक्त जाणे. एका नावाने सोयरीक मोडू शकते, म्हणून हा गोंधळ कुठून आला ते नीट पाहायला हवे.

जुन्या ग्रंथांत हा घोटाळा नव्हता. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात किलास नावाच्या डागांवर वनस्पतींना उद्देशून सूक्ते आहेत. सुश्रुताने कुष्ठ आणि किलास यांतला फरक स्वच्छ सांगितला: किलास फक्त त्वचेत राहते आणि त्यातून स्राव होत नाही. पुढे याच डागांसाठी श्वित्र हा शब्द रूढ झाला, पण श्वित्राचे विवेचन कुष्ठाच्या प्रकरणातच येत राहिले. कोड आणि कोढ ही दोन्ही कुष्ठाचीच लेकरे आहेत; तोच शेजार पुढच्या भाषांना भोवला.

सुश्रुताने त्वचेचे सात थर मानले आणि प्रत्येकाला रोग नेमून दिले. सर्वांत वरच्या अवभासिनीत सिध्म नावाचे फिकट डाग, दुसऱ्या लोहितेत तीळ आणि न्यच्छ व व्यंग नावांचे डाग, चौथ्या ताम्रेत किलास व कुष्ठ. व्यंगाचे मराठीत वांग, म्हणजे चेहऱ्यावरचे काळपट डाग, झाले. थरांची जाडी त्याने व्रीहीच्या, म्हणजे साळीच्या दाण्याच्या मापात दिली आणि लगेच बजावले की हे माप मांसल जागांचे; कपाळ आणि बारीक बोटे यांना ते लागू नाही. शरीराच्या कुठल्या भागाविषयी बोलतो आहोत हे आधी सांगण्याची ही शिस्त फार मोलाची आहे.

ती शिस्त नंतरचा वैद्य वाग्भट याच्या ग्रंथात आणखी पुढे जाते. डागावरचे केस पांढरे झालेले नसतील, डाग नवे असतील आणि एकमेकांत मिसळलेले नसतील, तर श्वित्र बरे होण्याजोगे. गुह्यभाग, तळहात आणि ओठ यांवरचे नवे असले तरी असाध्य म्हणून सोडून द्यावे. आजचे कारण असे: रंग देणाऱ्या पेशींचा राखीव साठा केसांच्या मुळाशी असतो. तळहातावर आणि ओठांवर केसच नाहीत, त्यामुळे रंग परतलाच तर कडेने, थोडाथोडा. चेहरा आणि मान सर्वांत चांगली साथ देतात, बोटांची टोके सर्वांत कमी. डागावरचा केस पांढरा झाला की तो साठाही आटल्याची खूण.

बावचीचे बी तेव्हापासूनचे औषध. त्यातले सोरालेन त्वचेला उन्हातल्या अतिनील किरणांबाबत हळवे करते. तेवढ्यानेच ते काम करते आणि तेवढ्यानेच भाजतेही. लेप लावून भर दुपारी गच्चीवर बसले की फोड येतात, आणि कोडात जखम झालेल्या जागी नवा डाग उठू शकतो. 1974 नंतर सोरालेन आणि दिव्याचे अतिनील किरण ही जोडी जगभर पसरली. आता बहुतेक ठिकाणी 311 नॅनोमीटरचा अरुंद पट्ट्याचा दिवा वापरतात. आठवड्यातून दोनतीनदा, कित्येक महिने, आणि सोरालेनशिवाय.

वांगाचे मोजमापही जागांवर उभे आहे. 1994च्या मापनपद्धतीत कपाळाला 30 टक्के, दोन्ही गालांच्या उंचवट्यांना 30-30 आणि हनुवटीला 10 टक्के वजन आहे. कोडासाठी रुग्णाचा बोटांसकट तळहात अंगाच्या सुमारे 1 टक्का धरतात. वांगावर दुकानातून आणलेल्या स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने चेहरा आधी उजळतो, मग पातळ आणि लाल होतो, आणि मलम थांबवले की वांग परत येते. ही सवय लागूच नये.

जागांच्या नावांतही बडोद्यात सापळे आहेत. संस्कृतात जंघा म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा पाय. मराठीत जांघ म्हणजे मांडी आणि ओटीपोट यांमधली घडी, जिथे गजकर्ण होते. गुजराती आणि हिंदीत तीच जांघ म्हणजे अख्खी मांडी. सयाजीराव महाराजांच्या राज्यात 1931 मध्ये आठ भाषांचा शासनशब्दांचा कोश निघाला, पण तो राज्यकारभारासाठी होता. घरगुती अवयवांची नावे ज्याच्या त्याच्या तोंडी तशीच राहिली.

म्हणून दवाखान्यात रोगाचे नाव सांगण्यापेक्षा बोट ठेवून जागा दाखवावी आणि चार गोष्टी सांगाव्या: डाग दुधासारखा पांढरा आहे की नुसता फिकट, त्यावर भुसा सुटतो का, त्यावरचे केस कसे आहेत, आणि स्पर्श कळतो का. दुधी पांढरा आणि स्पर्श शाबूत, तर बहुधा कोड. छातीपाठीवर बारीक भुसा सुटणारे फिकट ठिपके म्हणजे बहुधा शिबे, ती बुरशीनाशक मलमाने जातात. डाग फिकट किंवा लालसर आणि बधिर, तर महारोगाची तपासणी त्याच आठवड्यात करावी. औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि 6 ते 12 महिन्यांत उपचार पूर्ण होतो.