‘चालवलीच नाही हो, नुसती उभी होती’

जुनी सायकल विकणारा हे वाक्य हमखास म्हणतो आणि आम्हा सायकल दुरुस्त करणाऱ्यांना धास्ती वाटते ती नेमकी याच वाक्याची. नागपूरच्या गॅलरीत दोन-तीन उन्हाळे उभी राहिलेली सायकल रोज ऑफिसला जाणाऱ्या सायकलीपेक्षा वाईट निघते. रंग चकचकीत, पण टायरच्या कडेला बारीक भेगा, ब्रेकचे रबर दगडासारखे, हबमधले, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातले ग्रीस मेणासारखे वाळलेले. मे महिन्याचे ४५ अंश रबराला सोडत नाहीत.

म्हणून घरी आणल्या आणल्या फुटाळा तलावाला चक्कर मारायला निघू नका. आधी चिमट्याच्या (पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कच्या) मागे, फ्रेमच्या नळ्या बघा. तिथे रंगाला सुरकुती किंवा फुगवटा असेल तर सायकल समोरून धडकलेली असण्याची शक्यता मोठी. अशी सायकल आम्ही सर्व्हिसिंगला घेत नाही. परत करता आली तर करा, एवढेच सांगतो.

पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे ढकला. हँडलखाली टकटक झाली तर तिथले कप-छर्रे ढिले आहेत. चेन टेपने मोजा: एका पिनेच्या मध्यावर शून्य धरले की बरोबर १२ इंचांवर दुसरी पिन यायला हवी. अर्धे सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढे गेली तर चेन बदला. पुरे सूत गेली असेल तर फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या चक्राचे दातेही झिजलेले असतात आणि नवी चेन त्यावरून उडत राहते. पॅडल घरी काढणार असाल तर डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, जोर लावण्याआधी हे आठवा.

आमच्याकडे ओव्हरहॉलिंग म्हणजे दोन्ही हब, क्रँक (पॅडलचे दांडे जिथे फिरतात तो भाग), हँडल उघडून धुणे, नवे छर्रे, नवे ग्रीस आणि रिमचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढणे. खर्च उघडून पाहिल्यावरच सांगतो. जुने सुटे भाग पिशवीत घालून परत देतो.

चेनला खोबरेल लावू नका. २४ अंशांखाली ते थिजू लागते, आणि डिसेंबरातल्या नागपूरच्या पहाटे तुम्हाला ठाऊकच आहेत. शिवणयंत्राचे तेल दोन थेंब, वरून कोरडे फडके, पुरे.

विकणाऱ्याकडून फ्रेम नंबर लिहिलेली सहीची चिठ्ठी मात्र घ्याच. नंबर बहुधा क्रँकखाली ठोकलेला असतो.

सर्व्हिसिंगनंतर शंभरेक किलोमीटर झाले की एकदा दुकानात आणा. नव्या ब्रेकवायरी सैलावतात, त्या आवळून देऊ. त्याचे पैसे नाहीत.