सात अपघातांचा चौक खरंच जास्त धोक्याचा?

‘सात रस्ता’ म्हटलं की सोलापुरात रिक्षावाला पुढचं काही विचारत नाही. पण समजा, अपघातांच्या नोंदीत कोणी ‘सात रस्ता’ लिहिलं, कोणी ‘सातरस्ता’, कोणी ‘७ रस्ता चौक’. आपल्याला तो एकच चौक, सॉफ्टवेअरला मात्र तीन. नऊ अपघात तीन-तीन असे वाटले जातात आणि चौक यादीत खाली जातो. म्हणून विश्लेषणाचा बराचसा वेळ आकडेमोडीआधीच जातो, नोंदी निवडण्यात. तांदूळ निवडावेत तशा. वेळेच्या रकान्यात भसाभस ००:०० दिसलं, तर ते मध्यरात्रीचे अपघात की वेळच न लिहिलेले, हेही पाहावं लागतं.

या कामासाठी ‘आर’ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९०च्या दशकात ते घडवलं. कॉलेजच्या साध्या लॅपटॉपवरही चालतं.

त्यात एक प्रयोग जरूर करून पाहा. वीस काल्पनिक चौक घ्या, सगळे अगदी सारख्याच धोक्याचे, वर्षाला सरासरी ३ अपघात होणारे. आता आरला एका वर्षाचे आकडे पाडायला सांगा. एखाद्या चौकात शून्य येतो, एक-दोन चौकांत सहा किंवा सात. धोका सगळीकडे तोच, फरक निव्वळ योगायोगाचा! मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वर्षभराच्या आकड्यांवरून ‘सर्वांत धोकादायक चौक’ ठरवणाऱ्या बातम्यांवरचा माझा विश्वास उडाला.

या योगायोगाला गणित आहे. १८९८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ बोर्टकीविच यांनी प्रशियाच्या घोडदळात लाथ लागून मेलेल्या सैनिकांच्या नोंदी तपासल्या. दहा तुकड्या, वीस वर्षं, एकूण १२२ मृत्यू. एका तुकडीचं एक वर्ष ही एक नोंद, अशा २०० नोंदींपैकी १०९ मध्ये एकही मृत्यू नव्हता, एका नोंदीत मात्र चार होते. ‘त्या तुकडीचे घोडेच वाईट’ असं म्हणायचा मोह होतो. पण फ्रेंच गणिती प्वासाँ यांच्या सूत्रानं, म्हणजे सरासरी माहीत असताना निव्वळ योगायोगानं किती वेळा शून्य, एक, दोन येतील ते सांगणाऱ्या सूत्रानं, येणारे आकडेही जवळपास असेच होते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या ब्लॅक स्पॉटच्या, म्हणजे वारंवार अपघात होणाऱ्या जागेच्या, व्याख्येत एक नाही, तीन वर्षं धरतात ती म्हणूनच मला पटते: राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू.

खऱ्या रस्त्यांवर अर्थात सगळं योगायोगाचं नसतं. कारखान्यांचा गाळप हंगाम लागला की उसाच्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर येतात. मागे रिफ्लेक्टर नसेल तर दुचाकीस्वाराला ट्रॉली दिसते ती अगदी जवळ गेल्यावर. ऊस, अंधार, वाहनांची संख्या हे रकाने मॉडेलमध्ये, म्हणजे अपघातांचा आकडा कशाकशावर ठरतो ते मांडणाऱ्या गणितात, घातले, की अपघात वाढले ते नुसत्या वर्दळीमुळे की आणखी कशामुळे, याचा अंदाज बांधता येतो. आकडे प्वासाँच्या अपेक्षेपेक्षा जास्त विखुरलेले निघाले, तर अशा जास्तीच्या विखुरण्याला जागा देणारं ‘ऋण द्विपद’ मॉडेल वापरतात.

आता सात अपघातांच्या चौकात गतिरोधक टाकला आणि पुढच्या वर्षी तीनच झाले. गतिरोधकानं वाचवलं? कदाचित. पण योगायोगानं चढलेला आकडा काही न करताही खाली येतो. त्यामुळे आदल्या वर्षी तितकेच अपघात झालेले, पण गतिरोधक न टाकलेले काही चौक सोबत घ्यायचे. तिथलेही आकडे सातावरून तीनवर आले असतील, तर जीव वाचवणारा उपाय अजून शोधायचाच आहे.