पिशवीवरचे चौदा आकडे

दुधाची पिशवी कापण्याआधी तिच्यावरचा चौदा आकडी परवाना क्रमांक वाचून बघा. सुरुवात 100 ने असेल तर परवाना केंद्राचा, 115 ने असेल तर महाराष्ट्राचा. पुढचे दोन आकडे वर्षाचे. वडापावच्या गाडीचा क्रमांक 2 ने सुरू होतो, कारण तिची नुसती नोंदणी असते. असली तर!

हे क्रमांक एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या व्यवस्थेतले. 2006 च्या कायद्याने ही संस्था 2008 साली उभी राहिली. त्याआधी कायदे कमी होते असं नाही, उलट भाऊगर्दीच होती: भेसळीचा 1954 चा, फळांच्या पदार्थांचा 1955 चा, मांसाचा 1973 चा, दुधाचा 1992 चा.

खरी गंमत दुधात होती. जुन्या नियमांत गाईच्या दुधाला किमान फॅट पंजाबात 4 टक्के, महाराष्ट्रात साडेतीन, ओडिशात 3. भुवनेश्वरला चालणारं दूध लुधियान्यात कायद्याने कमी दर्जाचं! अगदीच निराधार नव्हतं ते. गाईची जात, चारा, ऋतू यांनी फॅट बदलतं. पण टँकर हद्द ओलांडतात. आता देशभर एकच माप: फॅट 3.2 टक्के आणि एसएनएफ, म्हणजे फॅट व पाणी वगळून उरणारे घन पदार्थ, 8.3 टक्के.

माप केंद्राचं, पण मुंबईत नमुना उचलणारा हात बहुतेक वेळा राज्याच्या एफडीएचा, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचा. ही वाटणी मला योग्यच वाटते. घोडं अडतं ते प्रयोगशाळेत.

2015 साली मॅगीच्या नमुन्यात कोलकात्याच्या प्रयोगशाळेला शिसं सापडलं 17.2 पीपीएम, मर्यादा अडीच, म्हणजे दहा लाख भागांत अडीच भाग. जूनमध्ये देशभर बंदी आली. 13 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली: कंपनीचं म्हणणं ऐकलेलं नव्हतं आणि प्रयोगशाळांना कायद्याला हवी ती मान्यता नव्हती. मग मोहाली, हैदराबाद, जयपूर इथे फेरतपासणी झाली आणि शिसं मर्यादेत निघालं. इतक्या बारीक प्रमाणात शिसं मोजताना ते आम्लातून, भांड्यातून, हवेतल्या धुळीतूनही नमुन्यात शिरू शकतं. म्हणून नमुन्याशिवाय कोरी चाचणीही करतात, तिच्यात दिसलेलं शिसं वजा करतात. नियम दिल्लीत एक झाला तरी ही शिस्त प्रत्येक टेबलावर वेगळी बाणवावी लागते.

तिकडे मुंबईच्या वेशीवरच्या नाक्यांवर दुधाचे टँकर थांबवले जातात. नमुन्याचे चार भाग होतात, आणि तो नासू नये म्हणून अधिकारी त्यात फॉर्मलीन टाकतात. गवळ्याने टाकलं तर भेसळ, साहेबांनी टाकलं तर नियम! अहवालाला कायद्याने चौदा दिवस. तोवर दुधाचा चहा होऊन पिऊनही झालेला असतो, म्हणून जागच्या जागी तपासणाऱ्या फिरत्या गाड्या आल्या. त्यातली एक चाचणी घरीही जमते: दूध उकळून पूर्ण गार करा, त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळं पडलं तर स्टार्च.