शाळेजवळची फवारणी: खर्च नेमका कुणाचा धरला?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात कुठल्या शेतात कोणतं कीटकनाशक आणि किती मारलं याची पूर्ण नोंद १९९० पासून सक्तीची आहे, म्हणजे शाळांभोवती काय पडतंय हे कागदावर होतंच. १९९९ मध्ये पालकांनी तक्रार केली की लॅटिनो मुलं जास्त असलेल्या शाळांजवळ मिथिल ब्रोमाइड, म्हणजे जमिनीत सोडायचा एक विषारी वायू, जास्त वापरला जातो. तडजोड व्हायला २०११ उजाडलं, तोवर ती मुलं शाळा सोडून गेलेली.

खरा जोर आला २०१४ च्या सरकारी अहवालानंतर. १५ काउंट्यांमधल्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांमधल्या) सुमारे अडीच हजार शाळांपैकी ३६ टक्के शाळांच्या पाव मैलाच्या आत घातक म्हणून यादीत असलेली औषधं वापरली गेली होती. मग २०१६ मध्ये शाळांजवळच्या फवारणीच्या नियमाचा मसुदा आला आणि सगळा वाद अडकला एका कलमावर: फवारणीआधी ४८ तास शाळेला कळवायचं.

शेतकरी म्हणाले, वारा बघून ऐनवेळी ठरतं, कीड नोटीस देऊन येत नाही, प्रत्येक वेळी पत्र पाठवून परत रद्द करत बसायचं तर माणूस ठेवावा लागेल. त्यात तथ्य होतं. पण खर्चाचा हिशोब बहुतेक इथेच थांबला, मुलाच्या दम्याचा खर्च, पालकाची बुडालेली रोजंदारी, हे त्या कॉलममध्ये कधी आलंच नाही. ४८ तासांचं कलम गळलं, उरलं वर्षातून एकदा ३० एप्रिलपर्यंत द्यायचं पत्र, की यंदा अमुक औषधं वापरू असं वाटतं. त्या यादीवरून मुख्याध्यापक उद्या मुलांना मैदानावर सोडू की नको हे ठरवणार कसं?

१ जानेवारी २०१८ पासून नियम लागू झाला. सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते संध्याकाळी ६, शाळा-पाळणाघरांच्या पाव मैलात विमानाने किंवा ब्लोअरने फवारणी बंद, जमिनीत विषारी वायू सोडणंही बंद. सुमारे ४,१०० शाळा-पाळणाघरं आणि २,५०० शेतकरी यात आले. काम रात्रीवर गेलं की मजुरी वाढते हे सगळ्यांना माहीत, पण शांत रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, बारीक तुषार वर न जाता तसेच तरंगत दूर जातात, आणि शाळेशेजारच्या घरात झोपलेलं मूल तेच असतं. घराला हा नियम नाही.

२०२५ मध्ये राज्यानेच ऑनलाइन सूचना सुरू केली, जमिनीत सोडायच्या वायूंसाठी ४८ तास आधी, बाकीच्या निर्बंधित (वापरायला परवानगी लागणाऱ्या) औषधांसाठी २४ तास. म्हणजे जे परवडत नाही म्हणून काढलं तेच आलं, फक्त नेमकं शेत दाखवत नाहीत, एक चौरस मैलाचा चौकोन दाखवतात.